शेरूची सकाळची फेरी

पत्र

नमस्कार डॉक्टर,

गेल्या फेब्रुवारीत डोंबिवलीचा फ्लॅट मुलाच्या ताब्यात देऊन आम्ही दोघं कुडाळजवळच्या आमच्या मूळ घरी राहायला आलो. सोबत शेरू आहे. चार वर्षांचा गावठी नर, सोसायटीच्या गेटपाशी पिल्लू असताना सापडलेला. नसबंदी केलेली नाही. इथे आल्यापासून त्याचं एक ठरून गेलंय. सकाळी मागचं दार उघडलं की आधी न्हाणीच्या मोरीपाशी, मग फणसाच्या बुंध्याशी, मग विहीर, मग गडग्याच्या कडेकडेने शेणखताच्या खड्ड्यापर्यंत. तीच वाट, तोच क्रम आणि प्रत्येक ठिकाणी नाक खुपसून उभा. अर्धा-पाऊण तास जातो. मी अंगण सारवलं की त्या दिवशी तर विचारूच नका. गडगा ठेंगणा आहे, बाहेर पाणंद आहे, म्हणून हे त्याला साखळीने फिरवतात. ह्यांना हा सगळा वेळकाढूपणा वाटतो, ते ओढतात. परवा ओढलं तर शेरू चक्क ह्यांच्यावर गुरगुरला. ह्यांनी छडी उगारली. तेव्हापासून घरात ह्याच विषयावरून धुसफूस चालू आहे.

मोरीपाशी तो रोज तंगडी वर करतो, मी रोज फिनेल टाकून धुते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि गडग्याच्या ईशान्येच्या कोपऱ्यात गेले आठ-दहा दिवस तो खूप वेळ थांबतो, मान तिरकी करून ऐकतो, पायाने उकरतो, भुंकतो. शेजारच्या काकी म्हणतात, कुत्र्याला दिसतं ते आपल्याला दिसत नाही, राखणदाराला नारळ द्या. मुलगा म्हणतो, त्याला कंटाळा आलाय, दुसरं कुत्रं आणा. त्याला काही मानसिक त्रास आहे का? ही सवय मोडायची कशी? आणि मला सापांची फार भीती वाटते.

– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर

ताई, सगळ्यात आधी त्या गुरगुरण्याबद्दल बोलतो, कारण बाकीचं सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल, ते नाही.

गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना. ‘मला हे नको आहे, थांबा’ एवढंच तो सांगतो. छडी उगारून ते गुरगुरणं बंद होतं, नको असण्याची भावना मात्र तशीच राहते. मग पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतो आणि घरचे म्हणतात, ‘काही कारण नसताना चावला.’ माझ्याकडे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या घरांत खोदून विचारलं की बहुतेक वेळा मागे कधीतरी गुरगुरण्यावर मार दिलेला असतो. तेव्हा छडी आजपासून पडवीतसुद्धा ठेवू नका. यजमानांना माझ्यातर्फे सांगा की शेरू त्यांच्यावर उलटलेला नाही. तो एका कामात पूर्ण गुंतला होता, अचानक मानेला हिसका बसला, त्याने तोंडाने जे सांगता येतं ते सांगितलं. एकदा त्याची मान आणि कानही चाचपून बघा. कानात पू असेल किंवा पट्ट्याखाली गोचीड चिकटून जखम झाली असेल तर हिसका दुप्पट दुखतो. एरवी शांत असलेला कुत्रा पट्टा ओढल्यावरच गुरगुरला, तर मी सर्वांत आधी तिथेच बघतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. शेरूला मानसिक त्रास नाही आणि ही सवय मोडायची नाही. उलट ती नीट पार पडेल अशी सोय करायची.

तुमचे यजमान सकाळी उठून आगरात फेरी मारतात की नाही? कुठल्या माडाचा नारळ पडला, कलमाला पालवी आली का, माकडांनी काय नासधूस केली, हे एकेका झाडापाशी थांबून बघतात. त्यांना कोणी दंडाला धरून ‘चला, पुरे झालं’ म्हणून ओढलं तर कसं वाटेल? शेरूही रोज सकाळी हीच पाहणी करतो, फक्त ती डोळ्यांऐवजी नाकाने करतो. रात्रभरात तुमच्या परसातून घूस गेलेली असते, एखादा कांडेचोर, म्हणजे उदमांजर, फणसावर चढून उतरलेला असतो, पाणंदीतून परक्या वाडीतला कुत्रा येऊन गडग्याला पाय वर करून गेलेला असतो. तुम्हाला-मला परस काल होतं तसंच दिसतं. त्याच्यासाठी ते रोज बदललेलं असतं.

हे त्याला कसं कळतं, ते एकदा जवळून बघाच. उद्या सकाळी तो फणसाखाली थांबला की त्याच्यापासून हातभर अंतरावर उकिडव्या बसा आणि फक्त नाकाकडे लक्ष द्या. नाकपुड्यांची पुढची गोल भोकं वास आत घेताना हलतात. श्वास सोडताना मात्र हवा पुढून जात नाही, नाकपुडीच्या दोन्ही बाजूंना ज्या चिरा असतात तिथून मागे, बाजूला जाते. जमीन कोरडी असेल तर नाकाच्या दोन्ही अंगांना बारीक धूळ उडताना दिसेल. त्यामुळे सोडलेल्या श्वासाने समोरचा वास विस्कटत नाही, उलट मातीतले बारीक कण उठून नव्या हवेबरोबर आत खेचले जातात. आणि हे सगळं एका सेकंदात चार-पाच वेळा. आत गेलेल्या हवेचेही दोन वाटे होतात: बराचसा भाग फुप्फुसांकडे जातो आणि साधारण आठवा हिस्सा नाकाच्या मागच्या, वास ओळखणाऱ्या कप्प्यात वळतो. तो कप्पा वळ्यावळ्यांच्या पातळ हाडांनी भरलेला असतो. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी 50-60 लाखांच्या घरात, कुत्र्याच्या नाकात 20 कोटींच्या वर. शिवाय वरच्या पुढच्या दातांमागे टाळूत त्याला वासाचं आणखी एक इंद्रिय असतं. दुसऱ्या कुत्र्याची लघवी हुंगल्यावर शेरू कधी कधी जीभ टाळूला लावून दात कटकटवतो आणि तोंडाला फेस आणतो, ते त्या इंद्रियाचं काम. पहिल्यांदा बघणारे लोक फीट आली म्हणून घाबरतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

लघवीवरून त्याला काय काय कळतं याबद्दल मार्क बेकॉफ या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने केलेला एक अगदी साधा प्रयोग मला फार आवडतो. कोलोराडोतल्या बोल्डर गावात तो राहायचा. हिवाळ्यात बर्फावर कुत्री मुतली की तो हातमोजे घालून तेवढा पिवळा बर्फ उचलायचा आणि वाटेत दुसरीकडे नेऊन ठेवायचा, आपल्या जेथ्रो या कुत्र्याच्या नकळत. पाच हिवाळे त्याने हे केलं आणि 2001 मध्ये निष्कर्ष छापले. जेथ्रो स्वतःच्या लघवीचा बर्फ हुंगून चटकन पुढे जायचा, दुसऱ्या कुत्र्यांच्या लघवीपाशी मात्र बराच वेळ थांबायचा. आपलं कोणतं आणि परक्याचं कोणतं, हे जागा बदलली तरी त्याला कळत होतं. तुमच्या शेरूचा प्रत्येक थांबा सारखाच लांब आहे का, हे मोजून बघा. मला खात्री आहे की पाणंदीकडच्या गडग्याला तो सगळ्यात जास्त वेळ देतो.

तोच क्रम का, हेही सांगतो. कुत्रा ठरलेल्या वाटेने फिरतो तेव्हा काल काय होतं आणि आज काय आहे, याचा फरक त्याला लगेच लागतो. त्यातून सुरक्षितपणाही मिळतो. डोंबिवलीत त्याला लिफ्ट, जिना, चार स्कूटरची चाकं आणि एक विजेचा खांब एवढंच जग होतं. इथे दहा-बारा गुंठ्यांचं जग एकदम पुढ्यात आलं. त्याने ते आपल्या परीने लावून घेतलंय. आठ महिन्यांत नव्या जागी एवढा रुळलेला कुत्रा मला तरी समाधानी वाटतो. आणि तुम्ही अंगण सारवता त्या दिवशीचं म्हणाल, तर त्याने आणि इतरांनी जमिनीवर ठेवलेला सगळा माग शेणाखाली झाकला जातो आणि वर ताज्या शेणाचा नवा वास येतो. त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्या दिवशी वेळ लागणारच.

मोरीचंही तेच. तुम्ही फिनेलने धुता तेव्हा तुमच्या दृष्टीने जागा स्वच्छ होते, पण त्याच्या दृष्टीने त्याची खूण कोणीतरी पुसलेली असते, म्हणून तो ती पुन्हा लावतो. फिनेलचा उग्र वास त्याच्या नाकाला झोंबतो तो वेगळाच, आणि ते ओल्या पायांना लागून चाटण्यात गेलं तर पोटात जातं. फिनेल बंद करा. भरपूर पाणी आणि साधा साबण पुरे. त्याच्या सकाळच्या फेरीची पहिली जागा मोरीऐवजी दुसरी करायची असेल तर एक उपाय आहे. चार दिवस त्याला मागच्या दाराऐवजी पडवीच्या बाजूने बाहेर काढा आणि आधी शेवग्यापाशी किंवा एखाद्या खांबापाशी न्या. तिथे तंगडी वर केली की कौतुक करा. कुत्र्याला खूण लावायला उभी वस्तू लागते. ती दिलीत की मोरीचा आग्रह कमी होईल.

यजमानांच्या वेळेचा प्रश्नही खरा आहे, तो मी उडवून लावत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाने पाऊण तास एका जागी उभं राहायचं म्हणजे त्रासच. म्हणून साखळी काढा. छातीवरून बसणारा हार्नेस घ्या आणि त्याला वीस-पंचवीस फुटांची सुती दोरी बांधा. सुंभाची नको, हात सोलतो आणि त्याच्या पायांत अडकली तर कातडीही सोलते. दोरीचं टोक धरून यजमानांनी फणसाखाली खुर्ची टाकून बसावं, चहा तिथेच घ्यावा. शेरू आपला फिरेल. पुढे निघायचं असेल तेव्हा ओढायचं नाही. आधी ‘चल शेरू’ म्हणायचं आणि मनात पाचापर्यंत मोजायचं. आला की चिमूटभर सुका जवळा द्यायचा, मीठ न लावलेला. खारं सुकट नको. पहिले काही दिवस तो नाक वर काढणार नाही, मग हळूहळू लक्षात येईल की हाकेला मान दिला तरी फेरी संपत नाही. हाक मारून प्रत्येक वेळी घरातच नेलंत तर मात्र तो हाकेला येणं सोडून देईल. तीन हाकांपैकी दोन वेळा जवळा देऊन पुन्हा मोकळा सोडा.

घाई असेल त्या दिवशी अर्धी फेरी चालेल, पण ज्या ठिकाणी थांबला तिथलं हुंगणं पूर्ण होऊ द्या.

मुलगा म्हणतो तसा कंटाळा हा मला इथे मुख्य मुद्दा वाटत नाही, पण पावसात चार-चार दिवस बाहेर जाता येत नाही तेव्हा तो येतोच. त्यासाठी तुमच्या घरात भरपूर साहित्य आहे. पाच-सहा करवंट्या पडवीत उपड्या घाला, त्यांतल्या दोघींखाली भाकरीचा तुकडा किंवा जवळा ठेवा आणि शेरूला शोधायला सोडा. जमलं की करवंट्या वाढवा, जागा बदला, एखादी उंच ओट्यावर ठेवा. दहा मिनिटं पुरतात. शार्लोट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2019 मध्ये पाळीव कुत्र्यांचे दोन गट करून पाहिले. एका गटाला दोन आठवडे वासाने खाऊ शोधायला दिला, दुसऱ्याला तेवढेच दिवस मालकाच्या पायाशी चालायला शिकवलं, दोघांनाही खाऊ सारखाच मिळत होता. नंतर दोन्ही गटांपुढे, खाऊ असेल की नसेल याचा अंदाज येणार नाही अशा जागी भांडं ठेवलं. नाकाने शोधणाऱ्या गटातली कुत्री आता त्या भांड्याकडे पूर्वीपेक्षा लवकर जाऊ लागली, म्हणजे काहीतरी चांगलं मिळेल अशी त्यांची अपेक्षा वाढली होती. दुसऱ्या गटात असा फरक पडला नाही. मी माझ्याकडे येणाऱ्या भित्र्या, दबलेल्या कुत्र्यांना औषधाच्या आधी हाच खेळ सुचवतो.

आता ईशान्येचा कोपरा. काकींचा मान ठेवून सांगतो, राखणदाराला नारळ द्यायचा तो जरूर द्या, ती तुमच्या घराची रीत आहे. पण त्याच दिवशी उजेडात बॅटरी आणि लांब काठी घेऊन तो कोपरा बघाच. मान तिरकी करून ऐकणं, उकरणं, भुंकणं आणि हे सगळं गेल्या आठ-दहा दिवसांतच सुरू होणं, यावरून माझा अंदाज असा की गडग्याच्या पोटात कोणीतरी राहायला आलंय. तुम्ही लिहिलंत तेव्हा तुमच्याकडे भात कापणी चालू असणार. शेतातलं भात गेलं की उंदीर-घुशी घराच्या आसऱ्याला येतात. चिऱ्यांच्या कोरड्या गडग्यातल्या फटी त्यांना आयत्याच मिळतात. आणि जिथे घूस येते तिथे तिच्या मागावर सापही येतो. शेरू तुम्हाला घाबरवत नाही, बातमी देतो आहे. भोकाच्या तोंडाशी ताजी उकरलेली माती आणि काळ्या लेंड्या दिसल्या तर घूस. हात घालू नका. माती-दगडाने फट बुजवायची तर आत कोणी नाही याची खात्री करून, दुपारी. कोपऱ्यातला पातेरा, लाकडांची चवड, जुनी कौलं हलवा आणि गडग्यापासून दोन हात गवत काढून टाका. तोपर्यंत तेवढ्या भागात त्याला दोरीशिवाय जाऊ देऊ नका.

तुमची सापाची भीती अनाठायी नाही. जांभ्याच्या फटींत, दगडांखाली फुरसं असतं, गवतात आणि शेताच्या कडेला घोणस असते. दोन्ही रात्रीच्या आणि तिन्हीसांजेच्या वेळेला जास्त फिरतात. नाक पुढे करून जाणाऱ्या कुत्र्याला दंश होतो तो तोंडाला नाहीतर पुढच्या पायाला. म्हणून सकाळची फेरी चांगलं उजाडल्यावर, पण ऊन चढायच्या आत ठेवा. दव असतं, हवा गार असते, वास जमिनीलगत टिकून असतो. ऊन तापलं की तो तोंडाने धापा टाकायला लागतो आणि मग हुंगणंही नीट होत नाही. दिवेलागणीनंतर मात्र फक्त अंगणात, उजेडात, आखूड दोरीवर. बिबट्याचाही धोका असतो, म्हणून रात्री त्याला बाहेर बांधून ठेवू नका.

दंश झालाच तर, म्हणजे तोंड एकाएकी सुजलं, तो कळवळून पाय उचलून धरू लागला, लाळ गळायला लागली किंवा मागचे पाय लुळे पडले, तर त्याला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. घट्ट बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मिरची किंवा पाला चारून ‘विष उतरलं का’ ते बघण्यात वेळ घालवायचा नाही. माणसांसाठी जी लस वापरतात तीच कुत्र्यांनाही देतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून ती एकच असते. ती घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. प्रश्न असतो तो वेळेवर मिळण्याचा. तेव्हा आजच, साप दिसायच्या आधी, कुडाळ-सावंतवाडी-कणकवली भागातल्या तुमच्या पशुवैद्यांना फोन करून विचारून ठेवा की ही लस कोणाकडे असते आणि रात्री कोणाला उठवायचं. तो नंबर फ्रिजवर चिकटवा.

खरं सांगायचं तर परसात सापापेक्षा जास्त कुत्री मी आपणच ठेवलेल्या वस्तूंनी दगावताना पाहिली आहेत, आणि हे मला तुमच्या मनावर ठसवायचंय. माडांना, भाजीला घालायची एरंडीची पेंड घरात असेल तर ती कुलपात ठेवा आणि परसात तरी घालूच नका. तिचा वास कुत्र्यांना खूप ओढतो, तिच्यात रिसिन हे विष राहिलेलं असू शकतं आणि त्यावर उतारा नाही. मुठीएवढी पेंड खाल्लेला कुत्रा दुसऱ्या दिवशी रक्ताची उलटी-जुलाब करत येतो. गोगलगायींसाठी टाकतात त्या गोळ्यांनी काही तासांत अंग थरथरून झटके येतात. कोपऱ्यातल्या घुशीसाठी विषारी केक ठेवायचा विचार तुमच्या घरात नक्की निघेल. ठेवू नका. ब्रोमॅडिओलोनचे निळे-हिरवे केक खाल्लेला कुत्रा तीन-चार दिवस ठणठणीत दिसतो आणि मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. त्याला जीवनसत्त्व ‘के’ची इंजेक्शनं वेळेत मिळाली तर वाचतो, पण तोपर्यंत केक खाल्ल्याचं कोणाला आठवतही नाही. काळी झिंक फॉस्फाइडची पूड तर पोटात गेल्यावर वायू तयार करते, ती खाल्ली असेल तर दूध-भात काही न भरवता तसंच डॉक्टरांकडे धावायचं. घुशीसाठी पिंजरा लावा. गडग्याला पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी असेल तर खाली पडलेल्या बिया रोज उचला.

उंदीर-घुशींमुळे लेप्टोचीही काळजी घ्यायला हवी. त्यांच्या लघवीतून तो रोग ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात उतरतो आणि हुंगणारं, चाटणारं नाक आधी तिथेच जातं. मोरीचं पाणी साचू देऊ नका. शेरूची दरवर्षीची लस घ्याल तेव्हा तिच्यात लेप्टो आहे ना, हे नाव घेऊन विचारा. आणि गडग्याचं काम करताना यजमानांनीही गमबूट घालावेत, कारण तो आजार माणसालाही होतो.

पुढच्या पावसात पहिल्या सरींबरोबर भेडकं बाहेर येतील. त्यांतलं खडबडीत कातडीचं मोठं भेडूक शेरूने तोंडात धरलं तर तोंडाला फेस येईल, तो डोकं झटकेल. त्याचं तोंड खाली करून बाजूने पाण्याची धार सोडा, म्हणजे पाणी घशात न जाता बाहेर येईल, आणि ओल्या फडक्याने हिरड्या पुसा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

हुंगण्यात खरंच काही बिघडलं असेल तर ते कसं ओळखायचं, हेही सांगतो. आत्ता या दिवसांत कुसळी गवत वाळलेलं असतं. त्यातलं कुसळ नाकात गेलं तर कुत्रा एकाएकी सलग शिंकायला लागतो, पंजाने एकच बाजू घासतो, मग त्या एकाच नाकपुडीतून पाणी, पू किंवा रक्त येतं. कुसळ पुढे पुढेच सरकतं, मागे येत नाही, म्हणून थांबू नका आणि घरी चिमटा घालू नका. नाकातून रक्त येऊन ताप असेल, हिरड्या फिक्या असतील तर गोचिडांमुळे येणारा ताप असू शकतो, रक्त तपासून कळतं. शेरूसारख्या मोकळ्या, नसबंदी न झालेल्या नराच्या नाकात कुत्र्याकुत्र्यांत संसर्गाने पसरणारी एक गाठही होते, हुंगण्या-चाटण्यातून. नाव ऐकून लोक हाय खातात, पण दर आठवड्याला एक याप्रमाणे काही इंजेक्शनांत ती बहुतेक वेळा पूर्ण जाते.

मनाच्या बाजूने बघायचं तर खूण एकच लक्षात ठेवा: त्याला थांबवता येतं का? शेरू फेरी संपवून येतो, न्याहारी करतो, झोपतो, हाकेला कान हलवतो. जो कुत्रा तासन् तास एकच फरशी हुंगतो, भिंत चाटतो, गोल गोल फिरतो, खाणंपिणं विसरतो आणि नावाने हाक मारली तरी त्याचं लक्ष लागत नाही, त्याला उपचारांची गरज असते. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही.

नसबंदीबद्दल मात्र मी आग्रहाने सांगेन. भाद्रपद आत्ताच सरलाय, पण गावातल्या कुत्र्यांचा माज दिवाळीपर्यंत चालू राहतो. पाणंदीतून माजावरची कुत्री गेली की शेरूला तो ठेंगणा गडगा अडवणार नाही, मग पाणंदीतल्या भांडणांत कान फाटणं आलं, गाडीखाली येणं आलं, ती नाकातली गाठ आली. नसबंदीने त्याची सकाळची फेरी बंद होणार नाही, ती नाकाच्या आवडीची गोष्ट आहे. गडगा ओलांडून पळणं मात्र बरंच कमी होईल. थंडी सुरू झाली की करून घ्या, आधी रक्त तपासून.

दुसऱ्या कुत्र्याबाबत मुलाला सांगा की आत्ता नको. शेरूला साखळीशिवाय, छडीशिवाय यजमानांबरोबर दोन-तीन महिने जाऊ देत. त्या दोघांचं जमलं, नसबंदीची जखम भरली, गडगा हातभर उंच झाला, मग विचार करा. आणायचंच ठरलं तर शक्यतो मादी आणा, तिचीही नसबंदी करून घ्या, आणि दोघांची पहिली भेट तुमच्या परसात घडवू नका. पाणंदीच्या पलीकडे मोकळ्या मळ्यात, दोन लांब दोऱ्यांवर, एकमेकांना पोटभर हुंगू द्या आणि मगच दोघांना घरी आणा.